अनावश्यकाचा हिशेब

रोग्याला काय द्यावे, याचा विचार वैद्यकाने पुष्कळ केला. काय देऊ नये, याचा विचार त्या मानाने फार उशिरा, आणि तोही बहुधा कोणी तरी हिशेबाची वही उघडून समोर धरल्यावर, त्याला करावा लागला. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा दुसरा विचार आहे. ज्या तपासण्यांवाचून, शस्त्रक्रियांवाचून आणि औषधांवाचून रोग्याचे काहीच अडत नाही, किंबहुना ज्यांच्यामुळे त्याचे नुकसान होण्याचाच संभव अधिक, त्या कमी करण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साह्य कितपत होईल, कोठे होणार नाही, आणि कोठे तिच्यामुळे उलट भरच पडेल, याचे विवेचन ग्रंथकारांनी येथे विस्ताराने केले आहे. प्रस्तावनेचे काम मजकडे आले ते मी यंत्रविद्येचा जाणकार म्हणून खचित नव्हे. ज्याची सारी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली, आणि तिच्या खिडकीतून रोज सकाळी चिठ्ठ्यांचे गठ्ठे आत येताना ज्याने पाहिले, अशा माणसाजवळ या विषयात सांगण्यासारखे काही असेल, अशी ग्रंथकारांची समजूत झाली. ती कितपत खरी, हे वाचकांनी ठरवावे.

या विषयाचा आरंभ संगणकापासून करण्याचा प्रघात पडू पाहत आहे; तो मला मान्य नाही. आरंभ करावयाचा तर १९३४ साली अमेरिकन बालआरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीपासून करावा. न्यूयॉर्क शहरातील शाळांमधली अकरा वर्षांची एक हजार मुले या पाहणीसाठी घेतली, तेव्हा त्यांतील ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढून झालेले होते. राहिलेली ३८९ मुले डॉक्टरांपुढे उभी केली असता त्यांनी १७४ मुलांना शस्त्रक्रिया अवश्य आहे असा अभिप्राय दिला. येथेच थांबले असते तर ही गोष्ट कोणाच्या स्मरणातही राहिली नसती. परंतु संयोजकांना भलतीच जिज्ञासा सुचली, आणि ज्या २१५ मुलांचे घसे निर्दोष ठरले होते तीच मुले त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडली. त्यांनी ९९ नावे शस्त्रक्रियेसाठी लिहून दिली. उरलेल्या ११६ मुलांची तिसऱ्यांदा तपासणी झाली, आणि दोनदा निर्दोष ठरलेल्या या मुलांतूनही आणखी ५१ सदोष निघाली. तीन फेऱ्यांनंतर, ज्यांच्या घशाला हात लावण्याची गरज कोणालाच वाटली नाही, अशी मुले हजारांत ६५ उरली. चौथी फेरी झाली नाही, ती तपासावयास नवे डॉक्टर मिळेनात म्हणून.

या आकड्यांकडे थोडे रेंगाळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत सुमारे ४५ टक्के मुले शस्त्रक्रियेस पात्र ठरली, दुसऱ्या फेरीत ४६ टक्के, तिसऱ्या फेरीत ४४. समोर येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांचे टॉन्सिल काढावे लागतात, असा एक अंदाज डॉक्टर मनात घेऊन बसले होते, आणि पुढ्यात कोणतीही मुले आणून बसविली तरी तो अंदाज ते बिनचूक वसूल करीत होते. यांत लबाडी नव्हती. कोणाला एका मुलामागे काही मिळत होते असेही नव्हे. शाळेत तपासणीस बसलेली ही माणसे आपापल्या परीने कर्तव्यच बजावीत होती, आणि म्हणूनच ही पाहणी लबाडीच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा मला अधिक अस्वस्थ करणारी वाटते.

पुढे १९३८ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांच्या टॉन्सिलचा जिल्हावार हिशेब मांडला, आणि एका जिल्ह्यातील प्रमाण शेजारच्या जिल्ह्याच्या कित्येक पट का असावे, याचा उलगडा हवापाण्यावरून होईना, गरिबीश्रीमंतीवरून होईना. १९७३ साली जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटलसन यांनी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील रुग्णालयांचे दप्तर तपासले, तेव्हा दर दहा हजार लोकांमागे टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया एका भागात १३ तर दुसऱ्या भागात १५१ आढळल्या. छोटेसे राज्य, एकाच जातीची वस्ती, एकाच प्रकारची हवा. भेद होता तो त्या त्या गावच्या डॉक्टरांच्या वहिवाटीत. माणूस कोठे राहतो यावरून त्याचा कोणता अवयव शाबूत राहील हे ठरावे, ही गोष्ट शास्त्र म्हणविणाऱ्या विद्येला भूषणावह नाही. पण ती खोडून काढणेही कोणाला साधले नाही.

तपासण्यांच्या बाबतीत तर वहिवाटीचीही गरज पडत नाही, नुसते गणित पुरते. रक्ततपासणीच्या कागदावर प्रत्येक आकड्यासमोर जी प्राकृत मर्यादा छापलेली असते, ती सामान्यतः अशी आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के माणसे तिच्या आत यावीत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसे व्याख्येनेच तिच्या बाहेर पडतात. आता अशा परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर वीसच्या वीस आकडे मर्यादेत असण्याचा संभव शेकडा ३६ इतकाच राहतो. उरलेल्या ६४ माणसांच्या कागदावर कोठे ना कोठे ठळक अक्षरांत एखादा आकडा उमटणार, त्याच्या निरसनासाठी दुसरी तपासणी होणार, तीतून कदाचित सोनोग्राफी, सोनोग्राफीतून सीटी स्कॅन, आणि सीटी स्कॅनमध्ये भलत्याच ठिकाणी दिसलेली एखादी निरुपद्रवी गाठ. सणासुदीला सवलतीच्या दरात ‘फुल बॉडी चेकअप’ विकणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, त्यांत हे गणित छापलेले माझ्या पाहण्यात नाही.

दक्षिण कोरियाने हेच गणित राष्ट्रीय प्रमाणावर करून दाखविले. १९९९ साली तेथे कर्करोगाच्या चाळणी-तपासणीची सरकारी योजना सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी तीत समाविष्ट नव्हती, पण थोडे जादा पैसे भरून ती त्याच वेळी करून घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी होती. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. एवढे कर्करोग वेळीच सापडून उपटले गेले असते तर मृत्यू उतरावयास हवे होते, आणि रोगाची खरीच साथ असती तर ते चढावयास हवे होते. दोन्ही झाले नाही, याचा अर्थ जे सापडले त्यांतील बहुसंख्य रोग रोग्याला जन्मभर त्रास देणारच नव्हते. ज्यांना निदान झाले त्या जवळजवळ सर्वांची ग्रंथी अंशतः किंवा संपूर्ण काढण्यात आली, आणि संपूर्ण काढलेल्यांच्या नशिबी कायमची गोळी आली.

आपल्याकडे या निर्दोष चुकांत दोन सदोष गोष्टींची भर पडते. एक भीतीची. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. तो रोग्यांच्या दृष्टीने न्याय्यच होता. परंतु उद्या कोर्टात कैफियत देण्याची पाळी आली तर कागद हाताशी असावा म्हणून आज तपासणी लिहून ठेवावी, ही वृत्ती त्यानंतर बळावली, हे व्यवसायातले लोक खासगीत कबूल करतात. न केलेल्या तपासणीबद्दल डॉक्टरला जाब द्यावा लागतो. केलेल्या अनावश्यक तपासणीबद्दल त्याला जाब विचारल्याचे उदाहरण विरळा. दुसरी गोष्ट लाभाची. २०१३ साली महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरील संशोधनामुळे ज्यांचे नाव जगभर गेले, यांनी एका रोग्याला एमआरआयसाठी पाठविले असता पुण्यातील एका तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. जुन्या पेढ्यांवर जिला दस्तुरी म्हणत ती ही ‘कट प्रॅक्टिस’. रकमेपेक्षा ती ज्या बिनदिक्कतपणे, रीतसर धनादेशाने, पाठविली गेली, तो बिनदिक्कतपणा अधिक बोलका आहे.

आणि भीती व लाभ ही दोन्ही जेथे अज्ञानाच्या आणि दारिद्र्याच्या रानात मोकळी सुटतात तेथे काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची ओरड झाल्यावर शासनाने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतल्या कितीतरी ऐन तिशी-चाळिशीच्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापणार, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात जावे तर ‘पिशवीला कॅन्सर होईल’ असे ऐकावे. अशा बाईला शस्त्रक्रिया ही सुटका वाटली तर नवल कसले? तिच्या बाबतीत अनावश्यक काय होते, पिशवी काढणे की ती काढावी लागेल असे जिणे, याचा निवाडा कोणतेही यंत्र करणार नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

आता मूळ अडचणीकडे येतो. वर दिलेले सगळे आकडे समुदायाचे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगी रुग्णालयांत ४७.४. एवढी तफावत बाळंतिणींच्या प्रकृतीतल्या भेदाने पडणे असंभवनीय, हे कोणीही सांगेल. परंतु आज पहाटे दोन वाजता प्रसूतिगृहात जी स्त्री कळा देत आहे तिचे सिझेरियन आवश्यक की अनावश्यक, याचे उत्तर या ताळेबंदात नाही. एकूण खर्च फाजील आहे हे हिशेबनीस सांगू शकतो. फाजील रक्कम नेमकी कोणती, हे प्रत्येक वेळी मालकालाच ठरवावे लागते. संख्याशास्त्राने वैद्यकाला पन्नास वर्षे उपदेश केला आणि त्याचा परिणाम बेताचाच झाला, त्याचे कारण हे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा दावा नेमका या फटीत पाऊल ठेवण्याचा आहे: समुदायाच्या दप्तरावरून या एका रोग्याविषयी बोलण्याचा.

हा दावा वाटतो तितका नवा नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे टिमोथी द डॉम्बल नावाच्या शल्यचिकित्सकाने १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, खोलीभर पसरणाऱ्या संगणकाच्या साह्याने, पोटात अकस्मात दुखू लागलेल्या रोग्यांचे निदान करण्याचा प्रयोग केला. पोटदुखीचे प्रकरण शल्यचिकित्सकाला मोठे पेचाचे असते; अपेंडिक्स सुजले असून वेळ दवडला तर ते फुटते, आणि घाई केली तर निरोगी अपेंडिक्ससाठी पोट उघडल्याचे पाप लागते. द डॉम्बलच्या यंत्राने केले ते एवढेच की दुखणे कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, हालचालीने वाढते काय, ओकारी झाली काय, दाबून सोडल्यावर कळ येते काय, अशा ठराविक प्रश्नांची उत्तरे घेऊन, पूर्वीच्या रोग्यांच्या अनुभवावरून, प्रत्येक रोगाची संभाव्यता बेझच्या सूत्राने काढून दिली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३०४ रोग्यांपैकी ९१.८ टक्के रोग्यांचे निदान यंत्राने बरोबर केले. त्याच रोग्यांच्या बाबतीत सर्वांत अनुभवी डॉक्टर ७९.६ टक्के बरोबर ठरले. पुढे आठ केंद्रांत, सोळा हजारांहून अधिक रोग्यांवर, हीच पद्धत चालविली गेली. १९८६ साली तिचे फळ जाहीर झाले तेव्हा विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि त्याच वेळी अपेंडिक्स फुटल्याचे प्रमाणही २३.७ टक्क्यांवरून ११.५ वर उतरले होते. अनावश्यक कमी करू गेल्यास आवश्यकही निसटते, ही जी नेहमीची हरकत घेतली जाते तिला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

परंतु लीड्सच्या कथेतला खरा रस पुढेच आहे. प्रयोग चालू असताना डॉक्टरांची स्वतःची निदानेही सुधारली. आणि प्रयोग थांबून संगणक बंद झाला तेव्हा ती पुन्हा पूर्वपदावर घसरू लागली. यंत्र बोलण्यापूर्वीच डॉक्टर शहाणे होत होते, याचे इंगित ते ठराविक प्रश्न ज्यावर छापलेले होते त्या कागदात होते. तो भरावयाचा म्हणजे रोग्याला सगळे प्रश्न विचारणे आले, पोटाला सगळीकडे हात लावून पाहणे आले, आणि आपला तर्क काय आहे तो शाई खर्चून लिहिणे आले. शिवाय महिनाअखेर आपला तर्क किती वेळा खरा ठरला याची रुजवात होणार, ही जाणीव होती. निम्मी करामत यंत्राची आणि निम्मी त्या कागदाची, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्यांवरही एक रकाना असे. ‘क्लिनिकल हिस्टरी’ या मथळ्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या असत, त्यांत रोग्याला काय होत आहे आणि ही तपासणी कशासाठी मागविली आहे ते लिहावे, अशी अपेक्षा. त्या दोन ओळी मी बहुधा कोऱ्या पाहिल्या. क्वचित कोणी ‘रुटीन’ लिही, क्वचित नुसता तापाचा उल्लेख. वर मात्र सीबीसी, एलएफटी, केएफटी, सोडियम-पोटॅशियम यांपुढच्या चौकोनांत बरोबरच्या खुणा एका फटक्यात, एकाच तिरक्या रेघेने, केलेल्या असत. वॉर्डातला नवखा इंटर्न रात्री दहा वाजता उद्याच्या चाळीस चिठ्ठ्या कालच्या चिठ्ठ्यांवरून उतरवून काढी, आणि सकाळी परिचारिका त्या बरहुकूम रक्त काढी. ज्या रोग्याला दुपारी घरी सोडावयाचे त्याचेही सोडियम चौथ्या दिवशी चौथ्यांदा आमच्याकडे येई, आणि ते आदल्या तीन दिवसांइतकेच असे. या इंटर्नला दोष देण्यात अर्थ नाही. सकाळच्या राउंडला साहेबांनी आकडा विचारला आणि तो सांगता आला नाही, तर चारचौघांत अपमान त्याचाच व्हावयाचा. आकडा असून कोणी विचारला नाही तर त्याचे काही बिघडत नाही.

अशा पुनरुक्त तपासण्यांच्या बाबतीत नवे यंत्र आजही उपयोगी पडू शकते, याविषयी मला संशय नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली दाखविले की रोग्याचे आधीचे आकडे आणि त्याची स्थिती पाहून पुढचा निकाल प्राकृतच येणार हे कित्येक तपासण्यांच्या बाबतीत यंत्राला आधीच ओळखता येते. चिठ्ठी लिहिली जात असतानाच ‘हा आकडा काल इतका होता, आज तो बदलण्याचा संभव अत्यल्प आहे’ एवढे सौम्य शब्दांत सुचविणारा कोणी पाठीशी असला, तर त्या इंटर्नलाही न करण्यासाठी एक आधार मिळतो. अतिदक्षता विभागात रोज रोज काढलेल्या रक्तानेच रोग्याला पांडुता येते, हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. तेव्हा ही बचत पैशाचीच आहे असे समजू नये.

स्वीडनमधील प्रयोगाचा विचार ग्रंथकारांनी एका स्वतंत्र प्रकरणात केला आहे, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. तेथे स्तनांच्या क्ष-किरण चित्रांचे वाचन दोन तज्ज्ञांनी करण्याचा शिरस्ता आहे. ऐंशी हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कमी जोखमीची चित्रे यंत्राने वेगळी काढून एकाच तज्ज्ञाकडे दिली, आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. विनाकारण परत बोलावल्या जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले नाही. कर्करोग मात्र दर हजारी पाचांऐवजी सहा सापडले. हे २०२३ चे निष्कर्ष सर्वत्र विजय म्हणून गाजले, आणि तो विजय असेलही. पण कोरियाची हकिकत ज्याने वाचली आहे तो हा सहावा कर्करोग कोणत्या जातीचा, हे विचारल्यावाचून राहणार नाही.

कारण यंत्राचे ज्ञान दप्तरातून येते, आणि वैद्यकाचे दप्तर एकांगी आहे. त्यात जे केले गेले त्याची नोंद असते. जे विचारपूर्वक केले गेले नाही, आणि तरीही रोगी बरा झाला, त्याची नोंद कोण ठेवतो? सावकाराच्या वहीत दिलेले कर्ज सापडते, न दिलेले सापडत नाही. त्या वहीवरून कोणाला कर्ज देऊ नये हे शिकू पाहणाऱ्या मुनीमाची जी गत होईल तीच या यंत्राची होते. वहिवाटीचे दप्तर वाचून ते वहिवाटच शिकेल, आणि १९३४ च्या न्यूयॉर्कमध्ये त्याला शिकावयास बसविले असते तर दर शंभर मुलांत ४५ टॉन्सिल त्याने निमूटपणे काढावयास सांगितले असते, तेही कोणत्याही डॉक्टरापेक्षा अधिक ठामपणे.

ही केवळ कल्पना नाही. झियाद ओबरमेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील एका बहुप्रचारित गणनपद्धतीची तपासणी केली. अधिक देखभालीची गरज कोणत्या रोग्यांना आहे हे सांगण्याचे काम तिच्याकडे होते, आणि गरज मोजता येत नाही म्हणून ती खर्च मोजत होती. ज्या कृष्णवर्णीयांवर पूर्वी खर्चच कमी झाला होता ते तिच्या लेखी निरोगी ठरत होते. हा दोष काढला असता अधिक देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते, असे त्यांनी दाखविले. ज्याच्यावर फाजील खर्च झाला तो अधिक आजारी आणि ज्याला काहीच मिळाले नाही तो ठणठणीत, हा न्याय आपल्या देशातील कोणत्याही विमा योजनेच्या दप्तराला जसाच्या तसा लागू पडेल. दुसरे उदाहरण रक्तात जंतुदोष पसरल्याची आगाऊ सूचना देणाऱ्या एका यंत्रप्रणालीचे. शेकडो अमेरिकन रुग्णालयांत ती बसविली गेली होती. मिशिगन विद्यापीठात २०२१ साली तिची परीक्षा झाली तेव्हा खऱ्या रोग्यांपैकी दोनतृतीयांश रोगी तिच्या नजरेतून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्या दर शंभरांत अठरा रोग्यांच्या नावे तिने धोक्याची घंटा वाजविली होती. प्रत्येक घंटेमागे डॉक्टर धावणार, रक्त काढणार, प्रतिजैविके सुरू करणार.

शेवटी प्रश्न येतो तो यंत्र कोणाच्या पगारावर आहे याचा. अनावश्यक आणि महाग या दोन गोष्टी एक नव्हेत, परंतु पैसे ज्याला भरावयाचे आहेत त्याला त्या एकच दिसू लागतात. यंत्राच्या निर्णयावरून रोग्यांचे दावे नाकारल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०२३ साली विमा कंपन्यांवर खटले गुदरले गेले. उलटपक्षी, ज्या रुग्णालयाची मिळकत तपासण्यांवर अवलंबून आहे त्याने हेच यंत्र घेतले, तर कोणत्या रोग्याला कोणती तपासणी विकता येईल हे सांगण्याच्या कामी ते त्याला जुंपणार. तोच संगणक, तेच सूत्र. मालक बदलला की निकाल बदलतो. ग्रंथकारांनी यंत्राच्या अचूकतेवर जेवढी पाने खर्च केली आहेत तेवढी या मुद्द्यावर केली नाहीत, ही माझी त्यांच्याशी असलेली एकमेव तक्रार. ती मी त्यांना तोंडी सांगितली आहे, आणि ती येथे छापण्यास त्यांनी मनाच्या मोठेपणाने अनुमती दिली आहे.

आपल्या देशाच्या बाबतीत आणखी एक अवधान राखावे लागते. येथे एकाच तालुक्यात एका बाईचे गर्भाशय विनाकारण निघते आणि दुसरीला रक्ताची साधी तपासणीही मिळत नाही. तेव्हा कपातीचा सरसकट हुकूम काढणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचा उपदेश करणे होय. छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयाचा संशय वर्तविणाऱ्या यंत्रांना २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली, ती जेथे क्ष-किरणतज्ज्ञ पोचत नाही अशा ठिकाणांसाठी फार मोलाची आहे; तेथे यंत्राने तपासण्या वाढविल्या तरी तो लाभच. यासाठी काय नको याची यादी कोणी तरी अधिकारी पुरुषांनी एकत्र बसून, नावानिशी, जबाबदारी घेऊन करावी लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने कर्करोगाच्या उपचारांतील टाळावयाच्या दहा प्रघातांची अशी यादी २०१९ साली प्रसिद्ध केली. दहाच कलमे, पण ती माणसांनी वादविवाद करून ठरविलेली आहेत. यंत्राला राखण करावयास सांगावयाचे तर अशा यादीची सांगावी. यादी करण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथाची भाषा सोपी आहे, आणि गणिताची जी दोन प्रकरणे आहेत ती वगळून वाचली तरी चालण्यासारखी आहेत. डॉक्टरांनी तो वाचावाच. परंतु ज्यांच्या उशाशी अहवालांची जाड फाइल आहे अशा सामान्य वाचकांनी तो अधिक वाचावा, अशी माझी विनंती आहे. आणि ज्यांना तेवढीही सवड नसेल त्यांनी, पुढच्या खेपेस डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहावयास घेतील तेव्हा, अदबीने पण न कचरता एवढेच विचारावे, की हा निकाल असा आला काय आणि तसा आला काय, माझ्या औषधपाण्यात त्याने फरक काय पडणार आहे. आणि मिळालेले उत्तर त्याच चिठ्ठीवर, रिकाम्या रकान्यात, लिहून देण्याची विनंती करावी.